विंडोज टाकून देताना ड्राइव्हची अक्षरं पण जागेवर लावून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात तीन-चार आडत दुकानांचे हिशोब लिहितो. कॉम्प्युटर इंजिनिअर वगैरे काही नाही, पण रोजचं पोट त्याच्यावरच आहे आणि विंडोज स्वतः टाकून बघायची खोड मला ९८ च्या जमान्यापासूनची, त्यामुळं आडत्यांच्या पोराटोरांपासून शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळे अडलं की मलाच हाक मारतात. हे पत्र अशाच एका हाकेमुळं लिहितोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. यार्डात त्याचा अर्थ झाला 'कॉम्प्युटर बंद पडणार'. तसं काही नव्हतं, मशीन आहे तसं चालू राहतं, फक्त सिक्युरिटीचे अपडेट थांबतात, ते पण घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर आणखी वर्षभर मिळायची सोय मायक्रोसॉफ्ट कंपनीनं ठेवली. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर ही बातमी आली आणि जो तो आपला सीपीयू उचलून रिपेअरवाल्याकडं. आमच्या एका शेठनी पण तेच केलं. रिपेअरवाला पोरगा म्हणाला नवीन एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाकू, विंडोज ११ टाकू, मशीन पळेल. चांगलंच आहे, मी पण हो म्हणलं. एसएसडी टाकल्यावर मशीन खरंच पळतं, त्यात वाद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन. "दिवाणजी, टॅलीत एक पण कंपनी दिसंना. डाटा गेला ओ सगळा." टॅली म्हणजे आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, त्यात एकेका धंद्याच्या हिशोबाला कंपनी म्हणतात.

आता संपादक साहेब, सांगलीच्या माणसाला 'गेलं' हा शब्द नुसता ऐकला तरी कसं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी आधी सीपीयू माळ्यावर टाकला आणि मग धान्याचे डबे, बायको अजून बोलून दाखवते. तर तसाच गाडी काढून पळत गेलो. शेठ खुर्चीत डोकं धरून, शेठचा पोरगा रिपेअरवाल्याशी फोनवर, आणि तिकडनं उत्तर काय तर डाटा करप्ट झालाय, हार्डडिस्क आणून द्या, रिकव्हरीला पाठवावी लागेल, खर्च येईल.

मी माऊस हातात घेतला. डी ड्राइव्हवर क्लिक केलं, म्हणतंय डिस्क घाला. ई उघडला, आत कोरा. बघणाऱ्याला वाटणारच की संपलं. पण खाली बघितलं तर आणखी एफ, जी, एच अशी तीन अक्षरं बसलेली, आणि जी आणि एच दोन्हीचं नाव 'न्यू व्हॉल्यूम', 'न्यू व्हॉल्यूम'. जी उघडला. टॅलीचा फोल्डर. मागच्या आठ वर्षांची हळद, गूळ, बेदाणा सगळं जागच्या जागी. शेठना म्हणलं, चहा सांगा आधी.

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे प्रकरण एका दुकानापुरतं नाही. बहुतेकांना वाटतं सी, डी, ई ही अक्षरं हार्डडिस्कवरच कुठंतरी कोरलेली असतात. तसं नसतं. ते अक्षर विंडोज आपल्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवतं, रजिस्ट्रीत माउंटेड डिव्हायसेस नावाचा एक कप्पा आहे तिथं, अमुक खुणेची डिस्क, तिच्यावर अमुक ठिकाणी सुरू होणारा भाग, त्याला म्हणायचं डी. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, ज्यांनी बघितलीत त्यांना लगेच कळेल. हळद जमिनीत पेवात, आणि कुठल्या पेवात कुणाची हे मालकाच्या वहीत. उद्या नवा कारकून आला, त्यानं कोरी वही घेतली आणि फाटकापासून पुन्हा एक दोन तीन असे नंबर टाकले तर तुमचं चार नंबरचं पेव सात नंबर होईल. हळद काय हलत नाही, तुम्ही मात्र चार नंबर उकरून बघणार आणि बोंब मारणार.

नवीन विंडोज म्हणजे तो नवा कारकून. आमच्या केसमध्ये रिपेअरवाल्यानं नुसता एसएसडी जोडून विंडोज टाकलं, ते झालं सी, पुढचं मोकळं अक्षर डी ते डीव्हीडी ड्राइव्हनं घेतलं, म्हणून ते डिस्क घाला म्हणत होतं. मग त्यानं जुनी हार्डडिस्क परत जोडली, तिच्यावरचा सिस्टम रिझर्व्हड नावाचा ५०० एमबीचा छोटा भाग झाला ई (त्यातल्या फायली लपवलेल्या असतात म्हणून कोरा दिसतो), जुना सी झाला एफ, जुना डी झाला जी, जुना ई झाला एच. टॅलीला पत्ता माहिती डी चा. ती बिचारी डीव्हीडीत जाऊन कंपनी शोधत बसली होती.

दुरुस्तीला चहा येईपर्यंतचा वेळ लागला. विंडोजचं बटण आणि एक्स दाबायचं, डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, तिथं भागावर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर बदलायचा पर्याय येतो. आधी डीव्हीडीला डी वरनं उठवून आर दिलं. ई वरच्या त्या ५०० एमबीचं अक्षर काढून टाकलं, नुसतं अक्षर, तो भाग डिलीट किंवा फॉरमॅट करायच्या भानगडीत पडू नका, काही मशीनमध्ये विंडोज चालू व्हायच्या फायली अशाच भागात असतात. मग जी चा डी केला आणि एच चा ई. मध्ये विंडोज घाबरवतं की काही प्रोग्रॅम नीट चालणार नाहीत, हो म्हणायचं, आपण चालत नव्हते ते चालू करायलाच बसलोय. टॅली वगैरे सगळं त्याआधी बंद करून ठेवायचं एवढंच. आणि समजा नुसती अदलाबदल करायची असेल, डी चा ई आणि ई चा डी, तर सरळ होत नाही, एकाला आधी तिसरंच मोकळं अक्षर देऊन बाजूला उभं करावं लागतं, दारात दोन गाड्या अडकल्या की एक मागं घ्यावी लागते तसं.

रीस्टार्ट केलं, टॅली उघडली, कंपन्यांची यादी आली. शेठ काही बोलले नाहीत, नुसता देवाच्या फोटोकडं बघून हात जोडला. माझ्याकडं नाही बघितलं, असो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, विंडोज ज्या ड्राइव्हवर बसलंय त्याचं अक्षर बदलायला जाऊ नका. डिस्क मॅनेजमेंट करू देतच नाही, पण नेटवर बघून रजिस्ट्रीत शिरणारे हुशार लोक आहेत, मी पण त्यातलाच होतो. विंडोज एक्सपीच्या काळात कॅबिनेटला पुढं चार खाचांचा कार्ड रीडर असायचा, तो जोडलेला ठेवून विंडोज टाकलं की त्या चार खाचाच अक्षरं खायच्या आणि विंडोज जाऊन बसायचं जी वर नाहीतर आय वर. मला ते डोळ्याला खुपलं. रात्री बसून रजिस्ट्रीत जी चा सी केला. सकाळी मशीन चालू होतंय, नावावर क्लिक केलं की आत घेतंय आणि लगेच बाहेर काढतंय, आत, बाहेर, आत, बाहेर. कारण विंडोजनं स्वतःच्या फायलींचे शेकडो पत्ते जी म्हणूनच लिहून ठेवलेले असतात. शेवटी कार्ड रीडरची वायर काढून पुन्हा पहिल्यापासून विंडोज टाकलं. रजिस्ट्रीतला तो उपाय आहे, पण विंडोज टाकताना जे अक्षर होतं ते चुकून बदललं गेलं तर परत आणायला. हौस म्हणून नाही.

पोरं विचारतात, सी पासूनच का सुरू होतं ओ, ए आणि बी कुठं गेले. ते फ्लॉपीचे. १९८१ च्या आयबीएम पीसीला फ्लॉपीच होत्या, १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० एमबीची हार्डडिस्क आली तिला सी मिळालं. फ्लॉपी गेली, पाटी राहिली. आमच्याकडं कसं, टॉकीज पाडून वर्षं झाली तरी रिक्षावाला स्टॉपचं नाव तेच घेतो.

आता माझं मुख्य म्हणणं, आणि ते रिपेअरवाल्यांना उद्देशून आहे. त्या मुलाला मी चोर म्हणत नाही. त्याला खरंच वाटलं असेल डाटा गेला. पण हेच जास्त वाईट ना, कारण त्या गडबडीत कुणी 'डिस्क फॉरमॅट करून बघू' म्हणालं असतं तर आठ वर्षं खरंच गेली असती. विंडोज टाकायच्या स्क्रीनवर तर सी-डी असं काही दिसतच नाही, ड्राइव्ह किंवा डिस्क शून्य, पार्टिशन दोन असं लिहिलेलं असतं, तिथं साइज बघून ओळखायचं असतं. तिथला ब्लॅक स्क्रीनचा कमांड प्रॉम्प्ट उघडला तर तिथली अक्षरं आणखी वेगळी, तुमचा नेहमीचा सी तिथं डी म्हणून पण दिसू शकतो. म्हणून विंडोज टाकताना डाटाच्या डिस्कची वायर काढून ठेवणं चांगलं, या पोरानं तेवढं बरोबर केलं होतं. चुकलं पुढचं. मशीन हातात घेताना पहिल्यांदा धिस पीसी उघडून मोबाइलवर एक फोटो काढायचा, काम झालं की त्या फोटोप्रमाणं अक्षरं लावायची, आणि गिऱ्हाइकासमोर टॅली नाहीतर जे काय असेल ते उघडून दाखवायचं, मग पैसे घ्यायचे. गाडी धुवून परत देणारा पण आरसे होते तसे फिरवून देतो की.

आणि आपण गिऱ्हाइकांनी पण थोडं करायला पाहिजे. अक्षर विंडोजच्या वहीत असतं, पण ड्राइव्हचं नाव त्या ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं, विंडोज दहा वेळा बदला, नाव तेच दिसतं. राइट क्लिक, रीनेम, आणि मराठीत लिहा, हिशोब, फोटो, बॅकअप, चालतं. शेठच्या मशीनवर 'न्यू व्हॉल्यूम' च्या जागी 'हिशोब' असतं तर शेठच्या पोराला पण फोनवर सांगता आलं असतं की अहो हिशोब इथं जी म्हणून दिसतोय. बॅकअपच्या पेन ड्राइव्हला पण लांबचं अक्षर द्या, पी वगैरे, म्हणजे मध्ये कुणी दुसरा पेन ड्राइव्ह लावला तरी बॅकअप भलतीकडं जात नाही. लग्नपत्रिकेची डीटीपी करणारे, फोटो स्टुडिओवाले, यांना तर हे आणखी महत्त्वाचं, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिंक केलेले फोटो अक्षर बदललं की सापडत नाहीत आणि ऐन सीझनला रडायची वेळ येते.

आमच्या शेठनी वहीपूजनाच्या दिवशी लाल वह्यांच्या शेजारी सीपीयूला पण हळदकुंकू लावलं. त्याच्या पाठीवर आता एक कागद चिकटवलाय, त्यांच्याच अक्षरात : सी विंडोज, डी हिशोब, ई जुनं. कागदावर हळदीची बोटं उठलीत, पण वाचता येतं.

पत्र लांबलं, काटछाट करून छापलं तरी चालेल, फक्त ते पेवाचं राहू द्या.

आपला,
एक हिशोबनीस,
मार्केट यार्ड, सांगली