पेनाच्या टोकाचं स्टील

महोदय,
संशोधनातून कारखानदारी सुधारायची म्हटलं की लगेच रोबो, एआय, चिप हेच सुरू होतं, पण चीनचं बघा ना. 'मेड इन चायना 2025' धोरण 2015 ला आलं, 10 क्षेत्रं निवडली, महत्त्वाचे सुटे भाग आणि मटेरियल 2025 पर्यंत 70 टक्के देशातच बनवायचं टार्गेट, आणि त्याच देशात अब्जावधी बॉलपेन बनत होती पण टोकाचं स्टील बाहेरून यायचं! तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग यांनी हे जाहीर बोलून दाखवलं, मग 2017 च्या सुरुवातीला तैयुआनच्या सरकारी स्टील कंपनीने सांगितलं की जमलं, तेही पाचेक वर्षं खपून. ते स्टील बारीक कापता आलं पाहिजे आणि लिहिताना झिजलंही नाही पाहिजे, हे काय नुसत्या सबसिडीने होतं का, भट्टीपाशी उभं राहून मिश्रण बदलत बसावं लागतं. (इलेक्ट्रिक गाड्यांत सरकारी पैशाने काम केलं, हे मान्य.) चीनच्या सी919 या प्रवासी विमानाचं इंजिन अजून बाहेरचंच आहे. जर्मनीत 1949 ला सुरू झालेली फ्राउनहोफर संस्था कंपन्यांसाठी असलं संशोधन करून देते, तशा टेस्टिंग लॅब छोट्या कारखान्यांना परवडतील अशा आधी उघडा, टार्गेटचं नंतर बघू.

- एक वाचक