बेटावर जरूर जा, झोपायला मात्र किनाऱ्यावर या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कयाक वल्हवत समुद्रातल्या छोट्या बेटांवर जाऊन तिथेच तंबू ठोकून रात्र काढण्याविषयी लेख आला आहे. लेख चांगला उतरला आहे, फोटो तर फारच देखणे. पण तो वाचून येत्या हंगामात कोणी चार पोरे भाड्याची कयाक घेऊन वेंगुर्ला रॉक्सकडे, म्हणजे निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांकडे, निघाली, तर त्यांना शोधायला आमच्याच होड्या जायच्या आहेत. म्हणून हे पत्र.

मी निवतीच्या बाजूचा. वयोमानाने आता होडीवर जात नाही, पण तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून सारे आयुष्य याच पाण्यात गेले. माझा भाचा कर्लीच्या खाडीत पर्यटकांना कयाक भाड्याने देतो, तेव्हा या खेळाशी माझे वाकडे नाही. उलट इंजिनाचा धूर नाही, आवाज नाही, पाण्यावर डिझेलचा तवंग नाही. जेटस्कीवाल्यांपेक्षा ही माणसे मला कितीतरी बरी वाटतात.

लेखात वाऱ्याबद्दल मात्र एक ओळही नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत रात्री उशिरा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि सकाळी ऊन तापेपर्यंत वाहतो. मग थोडा वेळ वारा पडतो. अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा धरतो, तीन-चारला तो भरात असतो आणि दिवेलागणीला निवतो. शिडाच्या होड्यांच्या काळी आमचे वाडवडील पहाटे मतलईवर बाहेर जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. जाताना वारा पाठीशी, येतानाही पाठीशी.

बेटावर मुक्काम करणारा हा क्रम नेमका उलटा करतो. तो दुपारी आरामात निघतो, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. रात्र काढून सकाळी चहा पिऊन परत फिरतो, तेव्हा मतलई त्याला बाहेर ढकलत असते. कयाक शांत पाण्यात ताशी पाच किलोमीटर चालली तरी पुष्कळ झाले. निवतीहून त्या खडकांपर्यंत धडधाकट माणसाला दोन तास तरी लागतात. समोरून जोराचा वारा असेल तर ते दोनाचे चार होतात, आणि चार तास सलग वल्हे मारणारे हात शहरात फारसे नसतात. बरे, ‘मतलई पडली की निघू’ म्हणत दुपार केली, तर खारा वारा आमच्याकडे बहुतेक वायव्येचा. किनाऱ्याकडे तोंड करून वल्हवत राहिलात तरी कयाक खाली वेंगुर्ल्याकडे सरकत जाते. फेब्रुवारीनंतर हा वारा आणखी चढतो. मे महिन्यात, आगोट म्हणजे पावसाची सुरुवात जवळ आली की, लांबून येणाऱ्या लाटा सुरू होतात आणि आम्हीसुद्धा होड्या वर ओढायच्या तयारीला लागतो. त्या दिवसांत सुट्टी आहे म्हणून कयाक घेऊन येणाऱ्यांना काय सांगावे?

म्हणून माझे म्हणणे एवढेच : फटफटताना निघा, खडक पाहा, खारा वारा अंग धरायच्या आत परतीला लागा आणि झोपायला किनाऱ्यावर या.

कयाक-कयाकमध्येही फरक असतो, तोही लेखात आलेला नाही. भाच्याकडे आहे ती खाडीतली कयाक. वरून उघडी, रुंद, बुटकी. तिवरांतून फिरायला उत्तम. समुद्रातली कयाक निराळी. ती पाच मीटरच्या आसपास लांब आणि अंगाने अरुंद असते. पुढे-मागे पाणी न शिरणारे बंद कप्पे असतात, त्यामुळे उलटली तरी तरंगते आणि त्याच कप्प्यांत तंबू, पाणी, शिधा राहतो. गेल्या डिसेंबरात पुण्याचा एक गट असल्या कयाक घेऊन आमच्याकडे आला होता. निघण्याआधी त्यांनी कमरेहून खोल पाण्यात मुद्दाम कयाक उलट्या केल्या. वल्ह्याच्या टोकाला हवेची पिशवी अडकवून तिच्या आधाराने प्रत्येक जण पुन्हा आत चढला, आणि हातपंपाने आतले पाणी काढले. त्यात एक पन्नाशीच्या बाई होत्या, त्या सगळ्यांत आधी चढल्या. हे ज्याला किनाऱ्याजवळ जमत नाही त्याने खडकांपर्यंत जाऊ नये. भाचा आपली कयाक खाडीच्या मुखाबाहेर न्यायला देत नाही. त्यावरून त्याला पर्यटकांच्या शिव्याही खाव्या लागतात. देवबागला, कर्लीची खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर, सुकतीचे म्हणजे ओहोटीचे पाणी बाहेर पडते आणि समोरून लाट येते, तेव्हा दोन्ही एकमेकांवर चढून काय उसळी मारतात ते त्या शिव्या देणाऱ्यांनी एकदा वाळूवर उभे राहून पाहावे.

आता बेटांविषयी. वेंगुर्ला रॉक्सवर गोडे पाणी नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत म्हणून प्रत्येक बेटावर विहीर असेल असे कोणी समजू नये. उभा कातळ, दीपगृह आणि पक्षी, एवढेच तिथे आहे. त्यातल्या एका बेटाच्या गुहेत पाकोळ्या लाळेने घरटी करतात. परदेशात त्या घरट्यांचे सूप करतात, म्हणून पूर्वी ती चोरीला जात. आता त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पाकोळ्यांची वीण मार्च ते मे या काळातली, म्हणजे नेमकी आपल्या सुट्टीतली. पावसाच्या तोंडावर सुरय पक्षी उघड्या खडकावर अंडी घालतात. माणूस जवळ आला की पक्षी उठतो, अंडे उन्हात तापते किंवा कावळा नेतो. तंबू म्हटला की माणूस रात्रभर आणि सकाळभर तिथेच. लघवी-संडासचे काय करणार हे लेखक महाशयांनी लिहिलेले नाही. कातळात खड्डा खणता येत नाही, एवढे मी लिहितो.

किल्ल्यांच्या बेटांवर तर मुक्कामाचा प्रश्नच येऊ नये. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे तिन्ही पाण्यातले किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. संरक्षित वास्तूत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, हा नियम आधीपासूनचा. मालवणला पद्मगड अभयारण्याच्या गाभ्याच्या क्षेत्रात येतो. ते सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले तेव्हापासून आम्हा मच्छीमारांचे त्याबद्दल स्वतंत्र मत आहे, पण ते आज नको.

आणखी एक गोष्ट शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. १९९३ साली स्फोटके उतरली ती श्रीवर्धनकडे शेखाडीच्या किनाऱ्यावर. २००८ साली मुंबईत अतिरेकी आले ते समुद्रातून, मच्छीमार बोट पळवून. तेव्हापासून आमच्या होड्यांना नंबर, रंग, आम्हाला ओळखपत्रे, जाताना-येताना विचारपूस. आम्ही ते निमूट सोसतो. मग रात्री दहा वाजता निर्जन बेटावर शेकोटी दिसली तर गावातला माणूस पोलिसांना फोन करणार की नाही? केलाच पाहिजे. मग पोलीस येणार, आमची एखादी होडी डिझेल जाळून तिकडे जाणार, आणि तिथे गिटार वाजत असणार. असे झालेले आहे. कोण होते ते सांगत नाही, माणसे वाईट नव्हती.

रात्रीच्या पाण्यात दुसरा धोका ट्रॉलरचा. कयाक पाण्याला टेकलेली, तिला दिवा नाही. ट्रॉलरवरच्या माणसाला ती दिसतच नाही. वल्ह्याच्या होडीनेही पांढरा दिवा हाताशी ठेवून वेळीच दाखवावा, असा जगभरचा नियम आहे. दहा कयाकवाल्यांना विचारा, किती जणांकडे तो असतो.

त्या पुण्याच्या गटातल्या एकाने मला स्कॉटलंडची गोष्ट सांगितली. तिथे २००३ च्या कायद्याने मोकळ्या जागेत जबाबदारीने फिरण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क सगळ्यांना आहे, आणि त्याबरोबर कसे वागायचे याची संहिताही आहे. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोणाला तरी बेत सांगून ठेवण्याची तिथे रीत आहे. आपल्याकडे लोकांनी त्यातला तंबू उचलला, संहिता तिथेच राहिली. तिथली बेटे थंड, ओसाड. इथे प्रत्येक खडकाभोवती कोणाची ना कोणाची जाळी असतात. जाळ्यांचे तरंगते बोये दिसले की वळसा घ्यायचा, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे ओढणे चालू असेल तर दोराच्या आत शिरायचे नाही, एवढे तरी पाळावे.

सांगून जाण्याची व्यवस्था करणे अवघड नाही. प्रत्येक बंदरावर मच्छीमार सोसायटीचे कार्यालय असते. तिथे एक वही ठेवावी. किती माणसे, कयाकचा रंग कोणता, कुठे जाणार, किती वाजता परतणार, किनाऱ्यावर कोणाला फोन करायचा. परत आल्यावर सही. वेळ टळून गेली तर सोसायटीने तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे. मेरीटाईम बोर्डाने पोर्टल काढायचे ठरवले तर ते कधी चालू होईल सांगता येत नाही, वही मात्र उद्यापासून ठेवता येते. त्या निमित्ताने ‘खंय चाललास? आज वारो भारी सुटतलो’ असे कोणीतरी दोन शब्द बोलेल, ते निराळेच.

झोपायला गावाचा किनारा मोकळा आहे. पुण्याच्या गटाला आम्ही सुरूच्या बनाशेजारी जागा दिली. ग्रामपंचायतीने माफक पावती फाडावी, वाडीतल्या बायकांनी जेवण द्यावे. त्या रात्री बांगड्याचे तिखले आणि सोलकढी होती, तक्रार कोणाची आली नाही. नोव्हेंबर ते मार्च कासवे अंडी घालायला वर येतात. त्या पट्ट्यात तंबू नको, झगझगीत दिवे नकोत आणि शेकोटी तर नकोच, कारण पिल्ले उजेडाकडे भरकटतात. माडाखाली तंबू टाकू नये, नारळ पडताना आधी सांगत नाही. कातळावर उघड्यावर अंथरूण घालू नये. आमच्याकडे फुरसे हा विषारी साप असतो आणि तो आकाराने इतका लहान, की दिसेपर्यंत पाय पडलेला असतो. तंबू भरतीच्या रेषेवर टाकू नये. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची रांग दिसते तिथपर्यंत पाणी येऊन गेलेले असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते आणखी वर येते.

यात आपल्याकडून एक मदत होऊ शकते. मुंबई-अलिबागकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. आमच्याकडे भरती साधारण तासभर आधी होते. पण हल्ली आमच्या घरातल्या पोरांनाही तिथी ठाऊक नसते, पाहुण्यांना कुठून असणार? आपण रोज पंचांग आणि सोन्याचा भाव छापता. ऑक्टोबर ते मे या काळात त्याच चौकटीत मालवण, रत्नागिरी आणि अलिबागच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. दोन ओळींची जागा लागेल.

नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक जुना तांडेल
निवती, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग