सूचना : प्रथमच 70.3 (अर्ध-आयर्नमॅन ट्रायथलॉन) करणाऱ्या सभासदांसाठी

मंडळी, आजवर ट्रायथलॉनचं ऑलिंपिक अंतर (1.5 किमी पोहणं, 40 सायकल, 10 धावणं) केलेले आपले काही सभासद यंदा पहिल्यांदाच 70.3 ला उतरताहेत. म्हणजे 1.9 किमी समुद्रात, 90 किमी सायकल आणि वर 21.1 किमी धावणं. पोहणं थोडंच वाढतं, सायकल दुपटीहून जास्त. तेव्हा तयारीचा वेळ कुठे घालायचा ते उघड आहे.

येत्या रविवारी सकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सराव. जीवरक्षक ड्यूटीवर आल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरू नये, कितीही पट्टीचा पोहणारा असो. पावसाळ्यानंतरचं पाणी गढूळ असतं. तरणतलावासारखी तळाची रेघ शोधत बसू नका, दर सहा-आठ हातांनी मान वर काढून बोया (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) बघा.

पोहून झाल्यावर ट्रान्झिशनचा, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचा, सराव. सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा आणि सायकल परत टांगल्यावरच तो सोडायचा. ओल्या, थरथरत्या बोटांनी ते बक्कल लागत नाही, म्हणून घरी हात भिजवून करून पाहा. दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून सायकल चालवायची सवय मोडा, स्पर्धेत त्याला दंड आहे.

गोव्याच्या दमटपणात नुसतं पाणी पुरत नाही, मीठही लागतं. स्पर्धेच्या सकाळी नवी एनर्जी जेल वगैरे प्रयोग नकोत. पेज पचते ना? मग पेजच खा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं. जास्तीची ट्यूब स्वतःची आणा, दरवेळी मागू नका.