डॉक्टर, तो आवाज तुम्ही मला ऐकवलात

डॉक्टर साहेब, सप्रेम नमस्कार.

गाय उठून रवंथ करायला लागली तोवर तुम्ही पुढच्या गोठ्याकडे निघून गेला होतात. आभार मानायचे राहूनच गेले.

रसाच्या कारखान्यातला फळांचा चोथा ज्यांनी आमच्या गळ्यात मारला, ते गाय आडवी पडल्यावर फोन उचलेनात. ‘रवंथ करणारं जनावर काहीही पचवतं, घाला पोटभर’ आणि ‘बुरशी आली तर वरचा थर काढून टाका’ असं सांगणारे तेच. नंतर जे दुसरे डॉक्टर आले त्यांनी दारातूनच टॉनिक लिहून दिलं. आठवलं की अजून संताप होतो.

तुम्ही मात्र आधी ढिगात कोपरापर्यंत हात घातलात. आत गरम लागतंय, म्हणालात. मग गाईच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावलात आणि नळ्या स्वतःच्या कानांतून काढून माझ्या कानांत घातल्यात. काहीच ऐकू येईना. शेजारच्या धडधाकट गाईला लावलात, तेव्हा मिनिटात एक-दोनदा लांबून गडगडत येणारा आवाज ऐकू आला. ‘हिचं पोट चालू आहे, तिचं थांबलंय.’ चोथ्यातली साखर झपाट्याने आंबते, आम्ल साचतं, सामू (pH, आंबटपणाचं माप) 6 च्या खाली गेला की चारा पचवणारे जिवाणूच दबतात, हे मग एका दमात कळलं. इतकी वर्षं जनावरं राखतोय, पण आपल्या कानांनी ऐकायची संधी मला कुणी दिली नव्हती. शिकलेल्या माणसानं समोरच्याला समजेल असं धरून चालणं, यासारखा मोठेपणा नाही.

आणि तुम्ही चोथ्यालाही दोष दिला नाहीत! ताजा असतानाच सुक्या चाऱ्याची कुट्टी मिसळून दाबा, हवा राहू देऊ नका, तीन आठवड्यांनी उघडा, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या, असं सांगितलंत. बुरशी लागलेला घास मात्र अजिबात नको. तिचं विष दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. ते दूध लेकरं पितात, डॉक्टर. हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही?

असा दाबून मुरवलेला चारा, म्हणजे मुरघास, आता आंबूस-गोड वासाचा निघतो, जनावरं गव्हाण चाटूनपुसून साफ करतात. कारखान्यावर चोथा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळं सांगतो, आणि कुणी सांगितलं तेही.

तुमचा ऋणी,
एक दूध उत्पादक