लाल इशाऱ्याच्या दिवशी मुलं सांभाळणाऱ्या माईंना

प्रिय माई,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "बस गो, चहा टाकते" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र, आणि तेही चार लोकांनी वाचावं असं.

8 जुलै 2024 चा सोमवार. गोव्याला पावसाचा लाल इशारा होता आणि पहिली ते बारावीच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. ती बरोबरच होती. आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस कसा कोसळतो ते वाळपईत राहणाऱ्याला सांगायला नको. पण इस्पितळात नोकरी करणाऱ्याला पावसाची सुट्टी नसते, आणि मुलांचे बाबा वेर्ण्याच्या कारखान्यात. दोन मुलांना घरात एकटं ठेवून जायचं कसं, या काळजीत मी असतानाच तुमचा फोन आला. "पोरांना माझ्याकडे पाठव. डबाबिबा काही देऊ नकोस." मी अजून काही मागितलंही नव्हतं. माई, मागायची वेळ न येऊ देता जे दिलंत, त्याचं मोल मला फार आहे.

मुलं सुखरूप राहिली एवढ्यावरच मी समाधान मानलं असतं. पण तुम्ही त्यांना आख्खा दिवस दिलात. वीज गेलेली, मोबाईल बंद. तुम्ही सरळ उभ्या कडांचे दोन रिकामे पत्र्याचे डबे काढलेत, फूटपट्टी दिलीत आणि म्हणालात, चला, पाऊस मोजू. थोरलीने डबा मोकळ्या अंगणात ठेवला. धाकट्याला भरपूर पाऊस हवा होता, म्हणून त्याने आपला डबा पागोळ्यांखाली लावला. तुम्ही त्याला चुकलास म्हणाला नाहीत. दोन्ही डबे राहू दिलेत आणि त्याचा भरून वाहायला लागल्यावर विचारलंत, "आता सांग बघू, हा पाऊस आभाळातला की छपराचा?" बराच वेळ विचार करून त्याने उत्तर स्वतः शोधलं. शाळेतून निवृत्त झालात, पण शिकवणं तुमच्या हातातून गेलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत अंगणातल्या डब्यात 96 मिलिमीटर पाणी साठलं होतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी, हे तुम्ही सांगितलंत आणि थोरलीने वहीत गणित मांडलं: तुमचं छप्पर साधारण 100 चौरस मीटर धरलं तर एका दिवसात 9,600 लीटर! हवामान खातं 24 तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी मानतं, आणि त्यांचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो, हेही तिने मला घरात पाऊल टाकताच ऐकवलं. तोवर लाल इशारा म्हणजे तिला फक्त सुट्टी होती.

दुपारी उकड्या तांदळाची पेज, मिठातली तोरं म्हणजे कैऱ्या, आणि फणसाच्या आठळ्या घालून केलेली तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी. माझा मुलगा पालेभाजीला हात लावत नाही. तुमच्याकडे त्याने ती मागून खाल्ली, कारण पानं त्याने स्वतः निवडली होती. चुलीत भाजलेल्या आठळ्या सोलून माझ्यासाठी रुमालात बांधून आणल्या, त्या अजून गरम होत्या.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. माझा भाऊ बॉस्टनजवळ राहतो. तिथे हिमवादळ आलं की शाळा बंद राहतात. हिवाळ्यात एकदा त्याचा फोन आला, दोन्ही मुली घरात, बाहेर गुडघाभर बर्फ, दुपारपर्यंतच सगळे वैतागलेले. मी त्याला तुमचा डबा सांगितला. मुलींनी डबा बर्फाने काठोकाठ भरून घरात ठेवला आणि पैज लावली. वितळल्यावर तळाशी जेमतेम पाणी! ताजा भुसभुशीत बर्फ साधारण दहा इंच पडला तर त्याचं पाणी एक इंचाच्या आसपास होतं, बर्फ ओला की कोरडा त्यावर कमीजास्त. मग कोरडा आणि दाबलेला बर्फ वेगवेगळा मोजण्यात त्यांचा दिवस गेला. वहिनी म्हणाली, त्या माईंना माझा नमस्कार सांगा. तो इथे सांगते.

मुलं सांभाळणारी माणसं पैसे देऊनही मिळतील. पण मुलांच्या प्रश्नापाशी थांबणारं माणूस शेजारी असावं, हे भाग्य आहे, आणि ते मला मिळालं हे मी सगळ्यांना सांगणार.

आता एक विनंती. यंदा चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. तुमची मुलं परगावाहून आदल्या रात्री पोचतात, तोवर थांबायचंही नाही. आम्ही चौघं आदल्या दिवशी सकाळीच येतो. सुपारीचे घड आणि कांगलां ही रानफळं बाजारातून मी आणते, काय कुठे बांधायचं ते तुम्ही खाली खुर्चीत बसून सांगा. आणि त्या दिवशीचा चहा मी करणार.

तुमची,
शेजारच्या दोन पोरांची आई