दिवाळीला येण्यापूर्वी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू धनत्रयोदशीला घरी येत आहेस. दार उघडल्यावर दचकू नयेस, म्हणून मी आता कशी दिसते ते आधीच लिहून कळवीत आहे; व्हिडिओ कॉलवर मी फोन छताकडे का धरते, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

पहिल्या केमोनंतर सतराव्या दिवशी केस गळू लागले. त्याआधी दोन दिवस टाळू इतकी दुखत होती की उशीवर डोके टेकवत नव्हते. मग न्हाताना पुंजकेच्या पुंजके हातात येऊ लागले आणि मोरीची जाळी तुंबली. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, आणि केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असल्यामुळे त्याला गाठ आणि केस यांतला भेद कळत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. कारण ठाऊक असले तरी मोरी आपल्यालाच साफ करावी लागते. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या बाबांना त्यांचा दाढीचा ट्रिमर मागितला.

आजींनी मोडता घातला. त्यांची आजी सोवळी होती, जन्मभर आलवणात वावरलेली. नवरा समोर बसलेला असताना बाईने डोके भादरावे, हे त्यांना ऐकवेना. मी वाद घातला नाही. ट्रिमर फिरवून झाल्यावर त्याच आतून आजोबांचे जुने, धुऊन मऊ झालेले धोतर घेऊन आल्या आणि त्याचे चौकोनी तुकडे फाडून दिले. रेशमी रुमाल तुळतुळीत डोक्यावरून घसरतो. हे सुती कापड घसरत नाही आणि बोचतही नाही. विग आणला आहे, पण त्यात तासाभरात घामाच्या धारा लागतात, म्हणून तो लग्नकार्यापुरताच. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी 'तिरुपतीला कधी जाऊन आलात?' असे विचारले, तेव्हा 'मागच्या महिन्यात' असे सांगून मी मोकळी झाले.

केसांपेक्षा भुवया जाणे मला जड गेले. भुवया नसल्या की टिकली नेमकी कुठे लावावी हेच कळत नाही. नाकाच्या रेषेवरून अंदाज घेते, तरी ती कधी वर, कधी बाजूला बसते. पेन्सिलने भुवया काढल्या तर दिवसभर चकित झाल्यासारखी दिसते. नखे काळवंडली आहेत, स्टिरॉइडमुळे चेहरा सुजला आहे. ब्लाउजमध्ये उजव्या बाजूला कापसाची गादी असते, ती अधूनमधून सरकते. तसे दिसले तर नजर चोरू नकोस, 'आई, पदर' एवढेच म्हण. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताने जड उचलायचे नाही, तेव्हा तुझी बॅग तूच आत आण.

केमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत केस पुन्हा दिसू लागतात, आणि कित्येकींना ते आधी कुरळे येतात. नरकचतुर्दशीला तुझ्या डोक्याला तेल नेहमीप्रमाणे मीच लावीन. माझ्या टाळूला मात्र या वर्षी तू लाव. साधे खोबरेलच घे, वासाच्या तेलाने मला मळमळते. अर्धा चमचा पुरेल.

तुझी,
आई