डबीत काय आहे, ते आधी विचार

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की सरांनी ‘रिकव्हरी’च्या कॅप्सूल दिल्यात आणि डबीवर लेबल नाही. तुझ्या आजूबाजूला सगळ्या मुली होत्या म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. त्या कॅप्सूल घेऊ नकोस. आत काय आहे हे कळेपर्यंत तरी नाहीच.

सरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तपासणीच्या लघवी-रक्ताच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की जबाबदारी खेळाडूची, मग ते कुणीही दिलेलं असो. हेतूचा विचार होतो तो शिक्षा किती हे ठरवताना. त्या स्पर्धेतला निकाल गेलेलाच असतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या आंद्रेआ रादुकानने जिम्नॅस्टिक्समध्ये ऑल-अराउंड सुवर्णपदक जिंकलं. वय सोळा. सर्दी झाली म्हणून संघाच्याच डॉक्टरने तिला गोळी दिली होती आणि त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन हे तेव्हा बंदी असलेलं उत्तेजक होतं. पदक काढून घेतलं. ती क्रीडा लवादाकडे गेली, तरी ते परत मिळालं नाही. डॉक्टरवरही कारवाई झाली म्हणा, पण गळ्यातलं पदक काही त्याचं गेलं नाही.

तिथे निदान हेतू बरा होता. पूर्व जर्मनीत सरकारच खेळाडूंना ओरल-ट्यूरिनाबोल नावाचं स्टेरॉइड देत होतं. निळ्या गोळ्या. तुझ्याहून लहान मुलींना ‘व्हिटॅमिन आहे, घे’ असं सांगून त्या दिल्या जायच्या. मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस वाढले. काहींना पुढे आयुष्यभराची दुखणी लागली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयात तिथला माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड दोषी ठरला. शिक्षा बावीस महिन्यांची, तीही स्थगित.

या गोळ्यांनी फायदा होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो, म्हणून तर लोक घेतात. पण वाढीच्या वयात स्टेरॉइडने हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते, शिवाय यकृत आणि हृदयावर ताण येतो. याबद्दल सराव घेणारे सहसा बोलत नाहीत.

‘सगळेच घेतात, पकडलं कोण जातं?’ असं तुझी मैत्रीण म्हणते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगही वर्षानुवर्षं सुटत राहिला. २०१२ मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं गेली. आता नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचे नमुने पुन्हा तपासले आणि कितीतरी पदकं हातची गेली.

तर असं कर. डबीचा फोटो पाठव आणि ती कुठून आणली ते सरांना सरळ विचार. नाव कळलं की क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांना मी दाखवतो. तापासर्दीचं औषधसुद्धा ‘मी खेळाडू आहे’ असं सांगूनच घे. सरांना राग आला तर बाबांनी मना केलंय म्हणून सांग, पुढचं मी त्यांच्याशी बोलेन.

तुझा,
बाबा